हुद्दारकाका आणि पेल्टनबाईंचा मोर

हुद्दारकाकांच्या हातात कुणी चाकू देऊ शकत नसे. ज्यांनी द्यायचा प्रयत्न केला त्यांचं काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मेलंबिलं कुणी नाही. पण टेक्ससचा एक अगडबंब गडी, ज्याच्या पट्ट्याचं बक्कल आमच्या ठाण्याच्या घरातल्या पुरणाच्या परातीएवढं होतं, तो काकांसमोर रडकुंडीला आला होता. काका उभे राहिले तर त्या बकलापर्यंत जेमतेम पोचत होते.

आधी भानगड काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं काका खाटीक होते. शरद हुद्दार हे नागपूरचे धातूशास्त्राचे इंजिनियर. अमेरिकेत वूस्टरजवळच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर धार लावायच्या चाकांवर काम केलं आणि निवृत्त होऊन श्रूजबरीला आमच्या गल्लीत राहिले. त्यांना नाद एकच, जुन्या अमेरिकन प्रदर्शनी चाकूंचा. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी इकडच्या नद्यांच्या काठानं चाकूंचे कारखाने होते. मोठमोठी प्रदर्शनं भरायची तेव्हा प्रत्येक कारखाना शेजारच्या कारखान्याची जिरवायला म्हणून एकच एक चाकू करायचा. घडीचा, पण बंद केला तरी कोपरापासून मनगटापर्यंत लांब. मूठ शिंपल्याची. उघडायला लागलं की आतून पाती निघतात, कात्री निघते, करवत निघते, बूच काढायचा स्क्रू, घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडा, आणि पुन्हा पाती. मी एकदा मोजायला बसलो होतो. बसलो तेव्हा माझे केस काळे होते.

आणि गंमत अशी, की या चाकूनं कापायचं काही नाही. तो दाखवायचा. पात्याला अशी झिलई की त्यात बघून दाढी करावी. पण जन्मल्यापासून त्यानं एक लिंबूही चिरलेलं नसतं. कारण ते जुनं पोलाद लाजाळूच्या झाडासारखं. बोटाचा घाम लागला तरी डाग, आणि डाग लागला की जाणकारांच्या लेखी चाकू संपला. असे चाकू आता फार थोडे उरलेत.

तर तो टेक्ससवाला. या चाकूवेड्यांचा वर्षातून एकदा एका हॉटेलच्या हॉलमध्ये मेळा भरतो. त्यांचा रिवाज असा, की चाकू मिटून, मूठ पुढं करून समोरच्याच्या हातात द्यायचा, आणि समोरचा ‘थँक यू’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. म्हणजे पडण्याची भीती नाही. टेक्ससवाल्यानं मोठ्या प्रेमानं आपला चाकू पुढं केला. काकांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

“टेबलावर ठेवा, प्लीज.”

“घ्या हो, चावत नाही तो.”

“टेबलावर ठेवा.”

आता त्या लोकांत टेबलावर आदळलेली वस्तू उचलून बघणं म्हणजे मालकाचा अपमान. आणि काकांच्या घरात हातातून हातात चाकू घेणं म्हणजे भांडणाला अक्षत. टेक्ससवाला सोडेना, काका घेईनात. आजूबाजूचं बोलणं थांबलं. हॉलभर सगळे चाकूवाले, प्रत्येकाच्या हातात काहीतरी धारदार. मी दाराकडं किती पावलं आहेत ते बघून ठेवलं. शेवटी काकांनी खिशातून पांढरा धुवट रुमाल काढला, टेबलावर चारी कोपरे ओढून पसरला आणि मान झुकवून असे उभे राहिले, जसं काही समोर लहान मूल निजवायचंय. त्या धिप्पाड गड्यानं चाकू रुमालावर ठेवला आणि नाक ओढलं. काका उचलून घेताना म्हणाले, “थँक यू.”

घरीही तोच नियम. नलूकाकूंनासुद्धा विळी-सुरी ओट्यावर ठेवावी लागे आणि मग काका उचलत. काकू पुण्याच्या. त्या म्हणत, “आमच्याकडेही हातात देत नाहीत. पण आमच्याकडे त्याचं एवढं स्तोम करत नाहीत.”

स्तोम होतंच. दसऱ्याला काका दिवाणखान्यात मखमल अंथरून सगळे चाकू मांडत आणि आम्ही मंडळाची माणसं दर्शनाला जात असू. दारातच ताकीद असे, की पात्यावर वाकलात तर तोंड बंद. बोलताना थुंकी उडते आणि थुंकीनं गंज चढतो. आता विचार करा, महाराष्ट्र मंडळाची माणसं, कमिटीच्या निवडणुका तोंडावर आलेल्या, आणि तोंड बंद! एकदा आमचे सेक्रेटरी श्वास रोखून इतके लालबुंद झाले की त्यांच्या बायकोनं त्यांना बाहेर अंगणात नेऊन वारा घातला. नलूकाकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत म्हणाल्या, “माझ्या सासरच्यांना गप्प करायला मला हे आधी सुचायला हवं होतं.”

मंडळातली पोरं मात्र काकांना थेट विचारत, “बट व्हॉट डज इट डू?”

काका म्हणत, “नथिंग, बेटा. इट इज फेमस.”

*

काकांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी सोडली. तेव्हापासून दर बुधवारी मी त्यांना पेल्टनबाईंकडं न्यायला लागलो. बुधवारी आमच्या ऑफिसात काम नसतं, असं मी बायकोला सांगितलं होतं. ऑफिसला काय सांगितलं होतं ते इथं सांगायची गरज नाही.

पेल्टनबाई नदीकाठच्या एका जुन्या चाकूगावात एकट्या राहत. नव्वदीच्या आसपास, कुडीनं काडी, आवाजानं नगारा. त्यांच्या जेवणघरात काचेच्या घुमटाखाली तो चाकू होता, जगातला सगळ्यात देखणा. सगळी पाती उघडली की गोल पिसारा व्हायचा; मी त्याला मोर म्हणायचो, आणि पुढं काकाच काय, बाईही म्हणायला लागल्या. ज्या कारागिरानं तो केला त्यानं म्हातारपणी आपल्या शिकाऊ माणसाच्या हातात दिला, त्यानं पेल्टनसाहेबांच्या वडलांच्या, वडलांनी मुलाच्या, आणि मुलानं मरताना बायकोच्या. कधी विकला नाही, कधी खोक्यात घातला नाही. हातातून हातात.

काका दहा वर्षं त्यांच्याकडं जात होते. सुरुवातीला अर्थातच चाकूसाठी. पण नंतर नंतर मी पाहिलं, मोराकडं बघायला काका मिनिटभर घेत आणि उरलेला वेळ बाईंच्या शिव्या खात बसत. बाई त्यांना ‘शॅरड’ म्हणत. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असं म्हणतात. त्या आवाजातला ‘तू’ मात्र मला लख्ख ऐकू यायचा. काका नलूकाकूंची लसणाची चटणी न्यायचे आणि बाई ती टोस्टवर लोण्यासारखी थापून खायच्या. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्या काही मिनिटं बोलू शकल्या नाहीत. गावातल्या लोकांनी त्याबद्दल काकांचे आभार मानले असं मी ऐकलंय.

मग ऑक्टोबरात बाई स्वयंपाकघरात पडल्या. हाड नाही मोडलं, पण ॲरिझोनातला पुतण्या ग्रेग फोनवर म्हणाला की आता पुरे, मी येतो, घर बंद करतो, तुला माझ्याकडं नेतो. सामान लिलावाला. मोरसुद्धा.

बाईंनी काकांना फोन केला. काका स्पीकरवर लावत, कारण त्यांना वाटे फोन कानाला लावला की तो तापतो. त्यामुळं मी आणि काकू दोघांनीही ऐकलं.

“ग्रेग उद्या दुपारी पोचतोय. त्याच्याआधी ये. मोर तुझा.”

काकांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं दिवाळी लवकर आली.

“मी रुमाल घेऊन येतो,” काका म्हणाले.

“रुमाल नको. हात घेऊन ये. तो माझ्या हातातून तुझ्या हातात जाईल.”

“मिसेस पेल्टन, टेबलावर ठेवलात तर...”

“टेबलावर विकायच्या वस्तू ठेवतात. हा चाकू आजवर कुणी उचलून नेलेला नाही, शॅरड. दिलेला आहे. हातात घेणार असशील तर ये. नाहीतर ग्रेग आहेच.”

फोन बंद. काका खुर्चीत बसले ते बसलेच.

नलूकाकू म्हणाल्या, “घ्या की हो एकदा हातात. आयुष्यभर ज्याच्या मागं धावलात तो आपणहून येतोय.”

“नाही.”

“अहो, पण...”

“नाही म्हटलं ना नलू!”

काकूंवर ओरडलेले काका मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

*

दुसऱ्या दिवशी तरी ते गाडीत येऊन बसले. कुठं जायचं ते सांगेनात. मी आपला नदीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना झाडं पेटल्यासारखी लाल झालेली, आणि काका समोरच्या काचेकडं बघत गप्प. मला गप्प माणसाची भीती वाटते. शेवटी मीच म्हणालो, “काका, तुम्ही सायन्सचे माणूस. पोलादाची नाडी तुम्हाला ठाऊक. तुमचा यावर विश्वास आहे?”

“नाही ना बाप्पा. अजिबात नाही.”

“मग?”

“विश्वास नाही. पण मी त्या प्लॅटफॉर्मवर होतो ना मुकुंदा.”

आणि मग ते बोलले. नागपूर स्टेशन. काका पहिल्यांदा अमेरिकेला निघालेले, आधी मुंबई, तिथून विमान. थोरले भाऊ, दादा, पोचवायला आलेले. गाडी हलली तसे दादा खिडकीबरोबर धावले आणि खिशातला छोटा चाकू त्यांनी काकांच्या मुठीत कोंबला. “संत्री सोलायला होईल रे तिकडे!” मागून आई ओरडली, “हातात काहून देऊन राहिला? खाली ठेव!” आता धावत्या गाडीत खाली कुठं ठेवणार? दोघं भाऊ हसले.

“वर्षाच्या आत भांडलो,” काका म्हणाले. “आईवरून. ती म्हणे मी जिथं आहे तिथं बरी, मी म्हणे इकडे आण, दादा म्हणे तू आता आम्हाला शिकवतो का. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून मी फोन आपटला. मग त्यानं आपटला. मग कोणीच केला नाही. आई गेली तेव्हा आम्ही एका खोलीत बसून बोललो नाही. आणि मग तोच गेला.”

मी गाडीचा वेग कमी केला.

“लोकांना वाटते मी चाकूला भितो,” काका म्हणाले. “चाकू गेला तर जाऊ दे. हिच्याशी वाकडं आलं तर? नव्वद वर्षांची बाई आहे रे. दादाशी भांडलो तेव्हा आमच्यापाशी वेळ होता आणि तो आम्ही घालवला. हिच्यापाशी तर वेळच नाही. आज तोडलं तर सांधायचं कधी?”

*

बाई जेवणघरात चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. काचेचा घुमट बाजूला काढलेला. मोर त्यांच्या मांडीवर, मिटलेला. टेबलावर एका वाडग्यात अंगणातल्या झाडाची सफरचंदं होती, खुजी, डागाळलेली, अशी आंबट की नुसत्या वासानं दात शिवशिवले.

“आलास,” बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी चाकू उचलला आणि पुढं धरला. चाकू जड, मनगटं काडीसारखी.

काका उभे. हात पाठीमागं.

“शॅरड, मी फार वेळ धरू शकत नाही.”

काका हलेनात.

“पडला तर तुझ्या डोक्यावर पाप.”

चाकूचं टोक खाली झुकायला लागलं. मी पुढं झालो, तर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी होतो तिथं मागं आलो. खाली लाकडी जमीन. शिंपल्याची मूठ. एकदा आपटली असती तर ठिकऱ्या झाल्या असत्या. बाईंच्या कपाळावर घाम आला होता, पण हात त्यांनी मागं घेतला नाही. आणि मग काकांचे हात पाठीमागून पुढं आले, जसे काही दुसऱ्याच कुणाचे, आणि त्यांनी मोराची दुसरी बाजू धरली. आता दोघांच्या हातात.

बाई सोडेनात. वाट बघत होत्या.

“थँक यू,” काका म्हणाले.

बाईंनी सोडला.

काही झालं नाही. छत कोसळलं नाही. काका हळूहळू श्वास घ्यायला लागले. मी खुर्ची ओढून बसलो. आणि तेवढ्यात बाईंनी वाडग्यातलं एक सफरचंद उचलून टेबलावर ठेवलं.

“आता हे काप.”

“काय?”

“मोठं पातं उघड आणि सफरचंद काप. साठ वर्षं मी या टेबलावर याच्यासमोर जेवले. मला बघायचंय याला कापता येतं की नाही.”

काका हसले. बाई हसल्या नाहीत.

“मिसेस पेल्टन, ही झिलई आहे. आंबट रस लागला तर डाग पडेल. तो कायमचा. असं पातं आज अख्ख्या अमेरिकेत नाही!”

“मला माहितीये. मला साठ वर्षं हेच सांगितलं गेलंय.”

“तुमच्या मिस्टरांनी हा इतका जपला...”

“माझ्या मिस्टरांनी हा माझ्यापेक्षा जास्त वेळा पुसला! त्यांचं प्रवचन तू मला देऊ नकोस.”

“हा चाकू कापायला नाही केलेला!”

“चाकू आहे तो, शॅरड!”

“हे मूर्खपणाचं आहे!”

“मग परत दे!” बाईंनी हात पुढं केला. “दे इकडं आणि चालू लाग! ग्रेगला दे, लिलावाला दे, तुम्ही सगळे एकाच जातीचे!”

काका उठले. खुर्ची मागं कलंडली. त्यांचा चेहरा मी पाहिला. रागानं लाल झाला होता आणि मग क्षणात पांढरा पडला. त्यांना कळलं होतं. घड्याळातला काटाही नीट हलला नसेल, हातातून हातात घेतला आणि भांडण उभं. दाराशी पोचले असते तर गेलेच असते. हुद्दारांची जात मला आता माहीत झाली होती. त्यांचा एक हात दाराच्या मुठीकडं गेलाही. बाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, आणि त्यांची हनुवटी हलत होती.

काका परत आले. कलंडलेली खुर्ची उभी केली. बसले. नेहमी पांढरे हातमोजे घालून जे करायचे ते त्यांनी उघड्या हातांनी केलं. मोठं पातं उघडलं. पात्यात त्यांचा चेहरा दिसला, बाईंचा दिसला, मागं खिडकीतलं लाल झाड दिसलं. आणि काकांनी ते पातं सफरचंदावर टेकवून दाबलं.

असा आवाज मी ऐकलेला नाही. कर्रकन. सव्वाशे वर्षांची भूक असल्यासारखं ते पातं आरपार गेलं आणि टेबलाच्या लाकडात पाव इंच रुतलं. बाई वळल्या.

“बापरे,” त्या म्हणाल्या.

“धार आहे,” काका म्हणाले. “धार आहे बाप्पा! कोणासाठी लावली असेल हो त्यानं?”

आम्ही तिघांनी ते सफरचंद खाल्लं. इतकं भिकार सफरचंद मी अमेरिकेत दुसरं खाल्लेलं नाही. बाईंनी चटणी मागितली आणि प्रत्येक फोडीला लावली. काका म्हणाले, “यू आर अ व्हेरी डिफिकल्ट वुमन.” बाई म्हणाल्या, “आणखी एक काप.” ग्रेग आला तेव्हा आमच्या तिघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो बिचारा सज्जन माणूस; त्याला वाटलं निरोपाचं रडतायत. तो टोपी काढून उभा राहिला. त्यालाही एक फोड दिली, मग तोही रडला.

*

बाई ॲरिझोनाला गेल्या. काका बुधवारी फोन लावायचे आणि स्पीकरवर दोघं भांडायचे, हवेवरून, औषधांवरून, ग्रेगच्या स्वयंपाकावरून. वसंतात फोन आला तो ग्रेगचा होता, बाई गेल्याचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका-काकू देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला मुलीकडं राहायला गेले. जायच्या आधी हॉटेलातल्या त्या मेळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. मोर पहिल्यांदाच लोकांसमोर आला होता, पिसारा फुलवून, आणि त्यांच्या टेबलाभोवती सिद्धिविनायकासारखी रांग लागली होती. परीक्षक आला, डोळ्याला भिंग लावून वाकला, आणि त्याच्या तोंडून हळहळ निघाली. मोठ्या पात्यावर करड्या-निळ्या रंगाचा डाग होता, ढगासारखा.

“अरेरे. हे काय झालं?”

“सफरचंद.”

“निघेल हे. मी स्वतः पॉलिश करून देतो. कुणाला कळणारही नाही.”

काकांनी त्याच्याकडं पाहून गोड हसून शुद्ध नागपुरीत सांगितलं, “हात लावशील तं बोटं मोडीन तुझे.”

परीक्षकाला वाटलं आभार मानतायत. तो “यू आर वेलकम” म्हणाला, वहीत काहीतरी खोडलं आणि पुढच्या टेबलाकडं गेला. पहिल्या नंबराची निळी फीत तिकडंच लागली. टाळ्या वाजल्या, आमची रांग तिकडं वळली. मी दारापाशी जाऊन मागं पाहिलं. काका टेबलावरच्या दिव्याची मान वाकवत होते, थोडी इकडं, थोडी तिकडं, मूठ अंधारात गेली तरी चालेल, पण उजेड बरोबर डागावर पडेपर्यंत.